मास्तरांनी उसवलेला मोजा

गिऱ्हाइकाने "मास्तर, जरा घट्ट होतंय" म्हणायचा अवकाश, की आमच्या शिंपी मास्तरांचा हात ब्लेडकडे गेलाच म्हणून समजा. त्यामुळे सोफ्यावरून बायको "अहो, हा मोजा फार आवळतोय" म्हणाली, तेव्हा पुढे काय होणार हे वेगळं सांगायला नको.

बाईंची सगळी उमेदीची वर्षं मास्तरांच्या टेलरिंगच्या दुकानात उभ्याने इस्त्री करण्यात गेलेली. पोटरीवर निळ्या शिरा फुगलेल्या, संध्याकाळी पाय दगडासारखा जड. इंजेक्शनच्या भीतीने त्यांनी दुखणं कितीतरी दिवस अंगावर काढलं आणि शेवटी मनाचा हिय्या करून त्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, शिरांमध्ये औषध टोचलं, पायावर घट्ट मोजा चढवला आणि शांतपणे सगळ्या सूचना दिल्या. बाईंनी त्या ऐकल्या नाहीत, कारण 'हे ऐकतायत ना'. आणि हे? हे मोज्याची शिवण बघत होते. मान मात्र दोघांनीही डोलावली.

घरी येताच मास्तरांनी बायकोला आडवं केलं. उशी दिली, चहा हातात दिला, पाय जमिनीला लावायचा नाही अशी ताकीदही दिली. बायकोवर त्यांचा जीव होता आणि आजारी माणसावर जीव असला की त्याला झोपवून ठेवायचं, ही त्या घराची जुनी रीत. त्यात तो मोजा! मास्तरांनी टेप लावून पाहिली. घोट्याशी कमालीचा घट्ट, वर मात्र जरा सैल.

"कापणाऱ्याला मापच कळलं नाही. एवढे पैसे घेतात आणि काम हे असं," ते म्हणाले. त्यांनी मोजा उतरवला, घोट्याशी उसवला, सैल करायला मऊ कापडाची छानशी कळी, म्हणजे जास्तीची त्रिकोणी पट्टी, लावून शिवला आणि परत चढवला. बाईंना इतकं बरं वाटलं की त्यांनी आणखी एक चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांची थोरली बहीण भावजयीला बघायला आली. ताईंचा सगळा जन्म इस्पितळात नर्स म्हणून गेलेला. मास्तरांनी मोठ्या कौतुकाने मोजा दाखवला.

ताईंनी कळी बोटाने चाचपली. "हे कुणी केलं?"

"मीच. अगं, फिटिंग चुकलं होतं."

"चुकलं नव्हतं रे बाबा. तो तसाच असतो, घोट्याला घट्ट आणि वर सैल होत जाणारा, म्हणजे रक्त वर सरकतं. मला सांग, कॉलर ताठ ठेवणारं बकरम चिकटवताना तू काय करतोस?"

"गरम इस्त्री दाबून धरतो."

"आणि न दाबता नुसती फिरवली तर?"

"फुगे येतात. धुतल्यावर बकरम सुटतं."

"मग? औषधाने शिरेच्या आतल्या भिंती चिकटवायच्या असतात. मोज्याचा दाब त्यालाच मदत करतो."

मास्तरांनी कळी बोटाने दाबून पाहिली. "अरे देवा, म्हणजे मी इस्त्रीच उचलली की!"

"आणि हिला झोपवून ठेवलंयस ते वेगळंच. अगं ऊठ, चाल. पोटरी हलली नाही तर रक्त साकळतं, गाठ होऊ शकते. पोटरी एकाएकी सुजली, फार दुखली, दम लागला किंवा छातीत दुखलं, तर कुणाची वाट न बघता इस्पितळ गाठायचं."

आता मात्र बाईंनी घाईने मोजा खाली सारून पाय दाखवला. "वन्सं, इथे तपकिरी डाग पडलेत. म्हणजे सगळं वाया गेलं का हो? परत तोच जड पाय?"

"डाग पडतात. बऱ्याच जणींचे हळूहळू फिके होतात, त्याला महिने लागतात. कधी पुन्हा टोचावं लागतं, पुढे नव्या शिराही येऊ शकतात. पण या पायाचं काय ते डॉक्टरच सांगतील. आत्ताच चला. आणि केलेली कारागिरी लपवायची नाही."

डॉक्टरांनी कळी पाहिली आणि हसू दाबलं. त्यांनी पाय नीट तपासला. गाठ नव्हती. त्यांनी नवा मोजा दिला आणि विचारलं, "पूर्वी कधी पायात रक्ताची गाठ? कसली ॲलर्जी? चालू असलेली औषधं?"

"छे छे, तिला काही..." मास्तरांनी सवयीने सुरुवात केली.

"तुम्ही थांबा," बाई म्हणाल्या. "पाय माझा आहे." आणि त्यांनी एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं. मग स्वतः विचारलं: मोजा किती दिवस, रात्री काढायचा का, दुकानात उभं कधी राहायचं, पुन्हा कधी यायचं. कळलं नाही तिथे परत विचारलं. मास्तर या वेळी मोज्याची शिवण न बघता ऐकत होते.

मंडळी, साधं शर्टाचं कापड घेताना आपण दुकानदाराला भंडावून सोडतो. आटेल का, रंग जाईल का, कडक इस्त्री चालेल का. आणि डॉक्टरांसमोर स्वतःच्या शरीराबद्दल एक शब्द न विचारता मान डोलावून घरी येतो. तिथे विचारण्यात कसला आलाय संकोच? शर्ट बिघडला तर दुसरा शिवता येतो. पाय शिवून देणारा मास्तर अजून जन्माला यायचाय.