लांडग्यानं चावलेली काठी

बर्फ म्हंजी काय, हे आमच्या न्हावरे गावात ठाऊक ते रसवंतीच्या ग्लासापुरतं. त्याच बर्फावर म्हस्कू धनगराच्या हनुमंतानं बारा वर्षं पोट भरलं, असं सांगितलं तर कोण विश्वास ठेवील? ज्याला ठेवायचा नसेल त्यानं इथंच चहाला उठावं.

सगळं सुरू झालं कांद्यापासून. हनुमंत दहा वर्षांचा असताना म्हस्कूची मेंढरं दूध डेअरीच्या चेअरमनच्या, सर्जेरावांच्या कांद्यात शिरली. सर्जेरावांनी भर चावडीसमोर म्हस्कूच्या हातातली काठी हिसकली, तिच्याच टोकानं त्याचं पागोटं धुळीत उडवलं आणि म्हणाले, "मेंढरं घेऊन जा. काठी राहू दे हितंच. माणसासारखा वागायला शिकलास की ये न्यायला."

काठी साधी नव्हती. म्हस्कूच्या आज्यानं ती लांडग्याच्या जबड्यात घातली होती. टोकाशी दातांच्या खाचा होत्या, आणि मधली एक खाच चांगली बोटभर खोल, कारण लांडगा तिथं आपला दात ठेवूनच पळाला होता. दात पुढं पडला, खाच राहिली. म्हस्कू तीनदा काठी मागायला गेला, तिन्ही वेळा डेअरीच्या दारातून परतला. मग वीस वर्षं मोकळ्या हातानं मेंढरांमागं हिंडला. धनगराचा रिकामा हात म्हंजी बिनसोंडेचा हत्ती.

पोरानं तेव्हाच मनाशी बांधलं. ती काठी परत आणायची. चोरून नाही, मागून नाही. सर्जेरावांच्याच हातून, त्याच चावडीसमोर.

अठराव्या वर्षी तो दौंडला रेल्वेत बसला आणि फौजेत गेला. फौजेनं धाडलं लडाखला. तिथं गोठलेल्या तळ्यावर जवान बुटांना पाती लावून हॉकी खेळत. पहिल्या दिवशी हनुमंत चाळीस वेळा पडला. पण हातात स्टिक आली आणि समोर रबराची काळी चकती दिसली, तसं त्याचं मनगट जागं झालं. चुकार मेंढी वळवायला काठीच्या टोकानं खडा भिरकवायचा, तेच तर काम! चकती अशी गेली की गोलकीपरला ती दुसऱ्या दिवशी जेवताना आठवली.

पुढं एका थंड मुलखातल्या क्लबानं त्याला पगारावर नेलं. फॉरवर्ड म्हणून, म्हंजी पुढं घुसून गोल करणारा. धिप्पाड गोरे आडवे आले की हा "ह्याऽऽ हुर्रर!" करायचा, आणि पाचही जण एका रांगेत कडेच्या फळीला जाऊन उभे राहायचे. मी बघितलं नाही, पण तिथली माणसं खोटं कशाला बोलतील? मारामारी केली की पाच मिनिटं बाजूच्या कोंडवाड्यात बसवत. तिथं हनुमंताची जागा ठरलेली. तीन दात गेले, नाक दोनदा फिरलं. दर गोलकीपरच्या जाळीआड त्याला सर्जेरावांची मिशी दिसायची. मग चकती सोडायची ती मिशीच्या बरोबर मधोमध.

घर सोडल्याला बारा वर्षं झाली, गुडघे बोलायला लागले, तसा तो गावी आला. डेअरीची निवडणूक तोंडावर होती. सर्जेरावांनी चावडीसमोर मांडव घातला, स्वतःचा दहा फुटी फ्लेक्स लावला, कोपऱ्यात हनुमंताचा पासपोर्टाएवढा फोटो. राहू-निमोण्यासारख्या आसपासच्या गावांतून माणसं आली. सत्काराला रीतीप्रमाणे नारळ, पिवळा फेटा, घोंगडी आणि काठी द्यायची. चेअरमनचा मुलगा इंद्रजीत शिरूरच्या बाजारातून फेटा-घोंगडी घेऊन आला, काठी विसरला. ऐन वेळी त्यानं डेअरीतली जळमटं काढायची काठी पुसून तबकात ठेवली.

"हनुमंतराव, ही खास तुमच्यासाठी!" सर्जेराव माईकवर म्हणाले. "स्वतः जाऊन निवडून आणलीय!"

हनुमंताच्या तळव्याला खाचा लागल्या. त्यानं माईक ओढला.

"कवा आणली म्हनता, चेअरमन?"

"काल. कोरी करकरीत."

"आये," हनुमंतानं बायकांच्या रांगेत बसलेल्या बयाबाईला हाक मारली, "आपल्या काठीची खूण काय गं?"

"लांडग्याचे दात!" म्हातारी उभीच राहिली. "मधल्या खाचेत माजं बोट जातं. लगीन होऊन आल्याव सासऱ्यानं घालून दावलं व्हतं."

हनुमंतानं काठीचं टोक वर धरलं आणि खाचेत बोट घातलं. मांडव खसखसला. मागनं कोणीतरी ओरडलं, "चेअरमन, कोऱ्या काठीला लांडगा कवा चावला वं?"

सर्जेराव निघायला वळले.

"थांबा. हलू नका," हनुमंत म्हणाला. "चकतीपुढं हललं की नाक जातं. माझं दोनदा गेलंय." त्यानं सत्काराचा नारळ मंचावर ठेवला, गुडघा वाकवला आणि वीस वर्षं मनगटात साठवलेली एकच उचल काठीच्या टोकानं दिली. नारळ सर्जेरावांच्या डोक्यावरचा जरीचा फेटा घेऊन फ्लेक्सवरच्या मिशीतून आरपार गेला. फेटा खाली धुळीत पडला. बरोबर तिथंच, जिथं म्हस्कूचं पागोटं पडलं होतं. नारळ म्हणतात घोडनदीपाशी सापडला. चटणी मी खाल्लीय.

मग त्यानं काठी पुढच्या रांगेत बसलेल्या बापाच्या हातात दिली. म्हस्कूनं ती दोनदा जमिनीवर आपटून बघितली. सावकाश चालत गेला, टोकानं फेटा उचलला आणि सर्जेरावांपुढं धरला.

"घ्या, चेअरमन. माणसासारखं वागायला शिकलो बगा. काठी नेतो."

सर्जेरावांनी फेट्याला हात घातला. निघेना. फेट्याची जरीची किनार अडकली होती लांडग्याच्या खाचेत. त्यांनी ओढलं, पुन्हा ओढलं. सगळा गाव बघत होता, आणि म्हस्कूला मेंढरं चाराय जायची मुळीच घाई नव्हती.