चौथ्या रांगेतून

मार्वाची आई गेली तेव्हा चर्चमध्ये वाटायची अंत्यविधीची पत्रिका मार्वाच्या भावाने छापून घेतली. मागे उरलेल्यांच्या यादीत मुलं, नातवंडं, लांबचे चुलतभाऊसुद्धा, आणि सगळ्यांच्या शेवटी मी: 'खास मैत्रीण, व्हर्नेल'. सहा वर्षं म्हातारीला भरवलं, न्हाऊ घातलं, तिच्या वेण्या घातल्या, ते सगळं मी. चर्चमध्ये मला बसवलं चौथ्या रांगेत. पहिली रांग घरच्यांची; तिथे मार्वा एकटी रडत होती.

त्याच आठवड्यात आम्ही अलाबामातलं आमचं गाव सोडायचं ठरवलं. दक्षिण मात्र सोडायची नव्हती. साठी उलटल्यावर उत्तरेतला बर्फ कोण उपसणार?

लोक शहर निवडताना भाडं बघतात, दवाखाने बघतात. मार्वा प्रत्येक शहरातल्या चर्चमध्ये जाऊन जुन्या पत्रिका मागायची.

"मेल्यावर काय म्हणतात ते बघू," ती म्हणायची. "तोंडावर काय, सगळेच गोड बोलतात."

अटलांटाच्या गर्दीत तिचं मन रमलं नाही. न्यू ऑर्लीन्सच्या उकाड्याने माझा जीव नकोसा झाला. तिसरं शहर डरहॅम, तेही दक्षिणेतलंच.

रविवारी प्रार्थनेला अवकाश होता. आम्ही सवयीने मागे बसलो. येणाऱ्यांना जागा दाखवायला दारावर पांढरे हातमोजे घालून मिस युला उभ्या होत्या, वय ऐंशीच्या पुढचं. त्यांनी कपाटातून पत्रिकांचा गठ्ठा आणून दिला. चाळता चाळता मार्वा थांबली. कुणा बाईच्या मागे उरलेल्यांत, मुलांच्याही आधी, छापलं होतं: 'पत्नी अर्नेस्टीन'. मार्वाने त्या ओळीवरचं बोट उचललंच नाही.

"आणि तुम्ही दोघी? बहिणी का गं?" मिस युलांनी विचारलं.

"मैत्रिणी," मी म्हणाले. "खास मैत्रिणी."

मार्वाने पत्रिका मिटून गठ्ठ्यात परत ठेवली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिच्या भावावर वर्षभर दातओठ खाल्ले, आणि त्याने छापलं तेच मी बोलले. फार शरम वाटली मला स्वतःची.

मिस युला दाराकडे वळल्या. मी उठले.

"बाई, मी चुकीचं सांगितलं. ही माझी बायको आहे."

आवाज जरा मोठाच निघाला. पुढच्या दोन-तीन टोपीवाल्या बायका मागे वळल्या.

"अगं, मग अशा मागे काय बसलात पाहुण्यासारख्या?" मिस युला म्हणाल्या. "चला पुढे."

मार्वाने माझीही पर्स उचलली. पहिल्या रांगेत बसल्यावर तिला पुन्हा रडू फुटलं. या वेळी मी शेजारी होते.