सूडु म्हणजे काय, ते मला उशिरा कळले

मी एक जुनी मोटरसायकल आहे. माझ्या टाकीवरचा लाल रंग उडाला आहे, आणि मित्रांनो, आज जे सांगणार आहे त्याची मला फार लाज वाटते.

माझा जन्म पुण्याजवळच्या कारखान्यात झाला. तिथे कामगार मराठी बोलत, म्हणून तीच माझी भाषा. १९८६ साली मी तंजावूरला रघुपतीच्या घरी आले. घरात मराठीच, पण जुन्या वळणाची, तमिळ शब्द मिसळलेली. रघुपती कारकून. आईवडील गेल्यावर थोरल्या बहिणीने, अंबाअक्काने, शिकवण्या करून त्याला वाढवले होते. ती शाळेत हंगामी शिक्षिका होती. नऊ वर्षे मी दोघांना निमूट नेले-आणले. वेग बेताचाच, पण पहिल्या किकेला चालू व्हायचे. अक्का म्हणायची, बस चुकेल, ही चुकायची नाही. ते ऐकून मी फुलून जाई.

मग नव्या गाड्यांचे दिवस आले. शेजारच्या भीमसेनने चकचकीत गाडी घेतली आणि तो रोज आम्हाला मागे टाकू लागला. रघुपतीचे तोंड उतरायचे. खरे सांगते, माझेही. शेवटी त्याने मला गणेशकुमार मेकॅनिककडे नेले. गणेशकुमारने माझ्या सिलिंडरची भोके कानशीने मोठी केली, हेड घासले, सायलेन्सरमधली जाळी काढली. मग रघुपतीला म्हणाला, "वेग येईल, पण सूडु होईल. हळू चालवा."

तमिळमध्ये सूडु म्हणजे उष्णता. रघुपतीला ते कळत होते, पण त्याने कानाआड केले. मी पुण्याची, मला ऐकू आले 'सूड'! म्हटले, आता भीमसेनच्या गाडीचा सूड उगवायचा.

दुसऱ्याच दिवशी तिला मागे टाकले. गल्लीभर कौतुक झाले. पण सहा महिन्यांत क्लचप्लेटा झिजल्या, प्लग सारखे बदलावे लागू लागले आणि पहिल्या किकेचा माझा लौकिक गेला.

त्यातच अक्काला कायम नोकरीची मुलाखत आली. कुंभकोणमला, सकाळी दहाला. वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी. ती बसने निघाली होती. रघुपतीने हट्टाने मागे बसवले, पाऊण तासात पोचवतो म्हणाला. भाताच्या शेतांमधून मी सुसाट सुटले. अंगाची लाही होत होती. एकदा जरी अडखळले असते तर तो थांबला असता. पण मला मिरवायचे होते. पापनाशमच्या अलीकडे पिस्टन जॅम झाला आणि मागचे चाक जागीच अडले. पडलो नाही, एवढेच.

अक्का उन्हातून बसथांब्यापर्यंत चालत गेली. पोचली तेव्हा अकरा वाजत आले होते. तिचे नाव पुकारून झाले होते.

संध्याकाळी रघुपती मलाच दोष देऊ लागला. अक्का शांतपणे म्हणाली, "तिला कां बोल लावतोस? ती होती तशीच बेस होती."

मला शिव्या चालल्या असत्या.

मित्रांनो, यंत्राला त्याच्या ताकदीपलीकडे ताणू नका. आणि कोणी जाणत्याने सावध केले, तर आपल्याला आवडेल तेवढेच ऐकू नका. माझा सिलिंडर आता नवा आहे, भोके जशी असावीत तशीच. पहिल्या किकेला मी पुन्हा चालू होते. रोज सकाळी हंगामी नोकरीवर निघालेली अक्का माझ्यासमोरून जाते, बसथांब्याकडे, चालत.