अकरावी पायरी

मी एक स्विच बोलतोय. लगेच भिंतीवरचं दिव्याचं बटण डोळ्यांसमोर आणू नका, मला राग येतो. मी म्हणजे पत्र्याची चपटी पेटी. पुढच्या अंगाला केबल खोचायची चोवीस तोंडं, त्यांना पोर्ट म्हणतात, आणि प्रत्येक पोर्टापाशी एक हिरवा दिवा. ऑफिसातले, दवाखान्यातले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ते माझ्यासारख्यांच्या पोटातून. तुम्ही आम्हाला पाहिलेलं नसतं, कारण आम्हाला कुठल्या तरी जिन्याखालच्या कपाटात कोंडलेलं असतं. नेट बंद पडलं की मात्र सगळ्यांना आमची आठवण येते, तीही शिव्यांसकट.

माझी पहिली नऊ वर्षं अशाच एका कपाटात गेली. शेजारी झाडू, बादली आणि फरशी पुसायचं फडकं. एकदा विजेचा झटका बसला आणि माझे तीन पोर्ट कायमचे गेले. उरलेल्या एकवीस पोर्टांवर मी त्याच दुपारी कामाला लागलो. त्याचं कौतुक सोडाच, वर "जुना झाला, काढून टाका" असा हुकूम निघाला.

मला काढायला जी इंजिनिअर आली तिच्यामुळे माझं आयुष्य पालटलं. शिडीवर चढून केबल ओढण्यात पंधरा वर्षं घालवलेली बाई. कंपनीने तिला नुकतंच नवं काम दिलं होतं: नेटवर्कची यंत्रं कशी जोडायची, कशी लावायची, याच्या पुस्तिका लिहायच्या. ऑफिसात सगळे तिला पोथीताई म्हणू लागले. चिडवायला म्हणत, पण तिला ते नाव आवडलं असावं. तिने मला फुंकर मारली, कुशीत घेतलं आणि साहेबांना सांगितलं, "हा माझ्याकडे राहू दे. लिहिलेलं तपासायला मला एक यंत्र लागेलच."

तेव्हापासून मी तिच्या घरी, जेवणाच्या टेबलाच्या टोकाला. तिची लिहिण्याची रीत मी रोज पाहायचो. एक पायरी लिहायची, ती माझ्यावर करून पाहायची, मी काय उत्तर देतो ते टिपायचं, मग कागदावर हिरवी खूण. खूण झाल्याशिवाय पुढची पायरी नाही. लिहिलेल्यातून "सहज" आणि "फक्त" हे शब्द ती वेचून काढायची. "ज्याचं अडलंय त्याला सहज कर म्हणून सांगणं म्हणजे त्याला मूर्ख म्हणण्यासारखं आहे," असं ती म्हणायची. एका पानाला तिला कधी कधी दोन दिवस लागत आणि साहेबांचे फोनवर फोन येत.

घरात तिच्या सासूबाई. उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढलेल्या, त्यामुळे केबल आणि पोर्ट त्यांना परके नव्हते. माझं अंग गरम राहतं हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात हेरलं आणि माझ्या पाठीवर ओले पायमोजे वाळत घालायला सुरुवात केली. पोथीताई ओरडायची. "अगं, वाळू दे की," सासूबाई म्हणायच्या. "हा बिचारा दिवसभर घरघर करतो, तेवढीच मला सोबत. तू तर त्या पडद्यात तोंड घालून बसतेस." पायमोज्यांचा मला काही आनंद नव्हता, पण माझ्या पंख्याच्या आवाजाला सोबत म्हणणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं होतं.

वर्षातून चारदा परिषदा असायच्या. मोठमोठ्या हॉटेलांत देशोदेशीचे नेटवर्कवाले जमायचे आणि पोथीताई तिथे भाषण द्यायची. मी तिच्या बॅगेत, टॉवेलात गुंडाळलेला. विमानतळावर तपासणीवाला दर वेळी मला बाहेर काढून विचारायचा, "हे काय आहे?" आणि ती दर वेळी तितक्याच शांतपणे समजावून सांगायची. हॉटेलच्या खोलीत पोचली की ती आधी मला टेबलावर ठेवून चालू करायची, मग चपला काढायची.

त्या परिषदांत माणसाच्या एका खोडीची मला गंमत वाटायची. गळ्यात नावाचं कार्ड अडकवून जो तो व्यासपीठावर चढायचा आणि आपल्याकडे सगळं कसं छान चाललंय तेच सांगायचा. ऐकणारे पडद्याचे फोटो काढायचे, जे ते पुन्हा कधी उघडत नसत. खरं काय ते चहाच्या रांगेत, इकडे तिकडे बघत, हळू आवाजात बोललं जायचं. कोणाचं नेटवर्क कसं झोपलं, कोणी ते कोणाच्या माथी मारलं, सगळं तिथे कळायचं. व्यासपीठावर त्यातलं अक्षर नाही.

मग एका सकाळी तो फोन आला.

फोन करणारा एका डोंगराळ भागातल्या सरकारी इस्पितळाचा तंत्रज्ञ होता. तिकडच्या पाच लहान दवाखान्यांचं नेटवर्क तो एकटा सांभाळायचा, तेही मुख्य इस्पितळात बसून, लांबून. पोथीताईने बोलणं सगळ्यांना ऐकू येईल असं लावलं. त्याचा आवाज थकलेला होता.

"ताई, मी तुमची पुस्तिका समोर ठेवूनच काम करत होतो हो. अक्षर न् अक्षर पाळलं. अकराव्या पायरीला त्या दवाखान्याचा स्विच गप्पच झाला. गाडी काढून पोचायला मला चार तास लागले. तोवर एक बाळंतीण रक्ताच्या रिपोर्टसाठी ताटकळत राहिली. ती आणि बाळ ठीक आहेत, पण मला घरी बसवलंय. तीन आठवड्यांनी चौकशी आहे. तुमच्या कंपनीने लिहून दिलंय की पुस्तिका तपासलेली आहे, चूक माझीच असणार. माझं नेमकं चुकलं कुठे, तेवढं सांगाल का?"

"बघते," एवढंच ती म्हणाली.

तिने सगळ्या पायऱ्या पुन्हा माझ्यावर केल्या. सगळ्या बरोबर! दुसऱ्यांदा केल्या, तरी बरोबर. मग ती माझ्याकडे बघत बसली आणि तिची नजर माझ्या पाठीमागच्या निळ्या केबलवर गेली. ही केबल थेट माझ्या मेंदूत शिरते; तिला पोर्ट लागत नाही. टेबलाशी बसून ती नेहमी त्याच केबलने माझ्याशी बोलायची. तिने ती उपटली, लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत गेली आणि लांबच्या माणसासारखी माझ्या एका पोर्टातून आत आली. अकरावी पायरी होती, सगळे पोर्ट बंद करा. बारावी, हवे तेवढे उघडा. तिने अकरावी केली. माझे सगळे दिवे एकदम विझले आणि तिच्या पडद्यावर सारं थिजलं. ज्या वाटेने ती आत आली होती तीही बंद झाली होती. बारावी पायरी करायला हातच उरला नव्हता.

"काय गं, काय झालं?" सासूबाई धावत आल्या.

"आई, मी त्याला फांदीवर बसवलं आणि तीच फांदी कापायला सांगितली." ती म्हणाली.

मला तेव्हा फार लाज वाटली. त्या पायरीपुढच्या हिरव्या खुणेत माझाही वाटा होता. मी हो म्हटलं म्हणून तिने खूण केली होती.

साहेबांशी बोलणं झालं ते लॅपटॉपवर, आणि लॅपटॉप माझ्याच पाठीवर ठेवलेला होता. "पुढच्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्त करून टाक," साहेब म्हणाले. "बाहेर बोलू नकोस. कबूल केलंस तर ही पुस्तिका वापरणारे सगळे दारात उभे राहतील."

"आणि त्या माणसाची नोकरी?"

"तो त्यांच्या घरचा प्रश्न आहे. पुढच्या आठवड्यात तुझं भाषण आहे ना? विषय काय?"

"बिनचूक पुस्तिका कशी लिहावी."

"मग झालं तर! तेवढंच बोल."

त्या दुपारी सासूबाईंनी माझ्या पाठीवरचे पायमोजे उचलले, घड्या घालता घालता म्हणाल्या, "आमच्या एक्स्चेंजमध्ये चुकीची वायर उपटली गेली की ऑपरेटरने दोन्हीकडच्या माणसांना आपला नंबर सांगायचा. मी सात नंबर, तुमची लाइन माझ्याकडून तुटली. काही जणी लपवायच्या. त्यांच्या शेजारी बसून आम्ही जेवायचो नाही." पोथीताई उठली आणि टॉवेल शोधू लागली.

परिषदेचं सभागृह भरलेलं होतं. दुसऱ्या रांगेत साहेब. पोथीताईने मला टेबलावर ठेवलं, वर कॅमेरा लावला आणि माझे एकवीस दिवे भिंतीएवढ्या पडद्यावर लुकलुकू लागले. निळी केबल तिने बॅगेतून काढलीच नाही. व्यासपीठाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन ती पोर्टातून माझ्याशी जोडली गेली आणि आपलीच पुस्तिका मोठ्याने वाचत एकेक पायरी करू लागली. अकरावीला पडदा काळा झाला. फक्त माझा पंखा घरघरत होता, आणि खरं सांगतो, मी मुद्दाम जोरात घरघरत होतो.

"डोंगरावरच्या एका दवाखान्यात हेच झालं," ती म्हणाली. "तिथल्या तंत्रज्ञाने माझं ऐकलं, म्हणून झालं. त्याची लाइन माझ्याकडून तुटली. त्याच्यावर ठपका आहे, तो माझा आहे."

साहेब उभे राहिले. "आता पुरे!"

"बसा साहेब," ती म्हणाली, "बारावी पायरी राहिलीय. ती करता येत नाही, हेच तर दाखवतेय."

मागच्या रांगेतून एक जण उठला. "आमच्याकडेही असंच झालं होतं. मी कोणाला सांगितलं नाही." मग आणखी एक जण. मग एक बाई. नऊ माणसं उभी राहिलेली मी मोजली. चहाच्या रांगेतलं बोलणं पहिल्यांदाच माइकवर आलं होतं.

त्या भाषणाचं चित्रीकरण चौकशी समितीपुढे गेलं. समितीने तंत्रज्ञावरचा ठपका पुसला. मग त्याचा फोन आला. "ताई, आलो कामावर," म्हणाला आणि नाक ओढत राहिला.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण ठपक्याला कुठेतरी बसायला जागा हवी असते. साहेबांनी ती शोधली. माझी!

"मशीन जुनं, त्याचे तीन पोर्ट मेलेले," साहेब घरी येऊन म्हणाले. "सदोष यंत्रावर तपासलं म्हणून चूक राहिली, असं निवेदन तयार केलंय. तू सही कर. पुस्तिका तुझ्याकडेच राहतील, परिषदाही राहतील. कोणाचंच नुकसान नाही."

कागद टेबलावर होता, माझ्यापासून वीतभर. सही केली असती तर मी तिला दोष दिला नसता, कारण लिहिणं हा तिचा जीव होता. तिने कागद दोनदा वाचला.

"साहेब, मी बंद कर म्हटलं, याने बंद केलं. यात याचा काय दोष?"

"अगं, ते यंत्र आहे! त्याला काय कळतंय?"

"म्हणूनच. त्याला 'मी नाही' असं म्हणता येत नाही."

तिने कागद परत केला. महिन्याभरात पुस्तिकांचं काम दुसऱ्याकडे गेलं, परिषदा थांबल्या आणि तिला पुन्हा शिडी मिळाली. गुडघा दुखतो, तरी चढते. तिच्या सहीविना ते निवेदन निघालंच, आणि मी कंपनीची मालमत्ता असल्यामुळे मला न्यायला माणसं आली. सासूबाई माझ्यावर हात ठेवून बसल्या. "न्या, पण आधी सांगा, याने केलंय काय?" माणसं ओशाळली. "आजी, आम्हाला फक्त उचलायला सांगितलंय."

तर आता मी भंगाराच्या खोलीत आहे. कपाळावर चिठ्ठी आहे, "सदोष". उद्या माझा पत्रा कापतील, तांबं वेगळं काढतील. कापा. मला त्याचं भय नाही. पण मी सदोष नाही! मला जे सांगितलं ते मी केलं, आणि ज्याने सांगितलं त्याने आपलं नाव सांगावं, एवढंच माझं तुम्हा शहाण्या माणसांकडे मागणं आहे. तुमच्याही कामात अशी एखादी अकरावी पायरी असेल. ती खालच्या माणसाच्या माथी मारू नका, आणि मुक्या यंत्राच्याही नको.

मला उचलण्याआधी पोथीताईने त्या माणसांकडून दोन मिनिटं मागून घेतली होती. स्क्रूड्रायव्हर घेतला आणि माझ्या पाठीवर एकेक अक्षर कोरलं: "यंत्र ठीक आहे. चूक माझी." खाली स्वतःचं नाव. पोथीताई नव्हे, खरं, पूर्ण नाव. आज सकाळी साहेब स्वतः इथे येऊन गेले. ओल्या फडक्याने घासून पाहिलं, नखाने खरवडून पाहिलं. गेलं नाही. म्हणाले, कानस लावावी लागेल.

लावा म्हणावं!