आवक बंद

माझं डोकं एकदा सटकलं का मी समोर कोण हाय ते पाहत नाही. पण त्या दिवशी सकाळी सटकलं नव्हतं. उलट मी लय खुशीत होती, आन् त्या खुशीतच घोटाळा केला.

एक्याऐंशी सालची गोष्ट. संत्र्याचा अंबिया बहार, म्हंजे हिवाळ्यातलं पीक, ऐन जोरात. नागपूरले आमच्या संत्रा संघाचं ऑफिस आन् लिलावाचं गोडाऊन एकाच आवारात. टेलिफोनच्या बोर्डावर मी, तीन वर्षांपासून टेंपरवारी. त्या दिवशी बाराच्या मीटिंगमधी अध्यक्ष वामनराव ठरवणार होते, जयवंता पक्की का महिनाअखेर घरी. मॅनेजर गोपाळराव म्हणाले, "बाई, लिलावाच्या टायमाले, दहा ते बारा, एकाही टेबलावर फोन वाजला नाही पाहिजे. इथून लावता आला पाहिजे, पण येणारा बंद. हे करून दाखवा, मी तुमच्यासाठी भांडतो."

टेलिफोनवाल्या मेकॅनिकची वाट पाहिली असती तर पुढचा बहार आला असता! त्याले काम करताना मी डोळे फाडून पाहिलं होतं. सकाळीच बोर्डाच्या पेटीचं झाकण काढलं, पोस्टकार्डाचे बारीक तुकडे कापले आन् बाराही फोनांच्या घंटीच्या पत्त्यांमधी एकेक सरकवला. पत्ती पत्तीले टेकली नाही का घंटी वाजत नाही. हिशेबाच्या शोभाताईले फोन लावला. चुप! तिनं मले लावला. ट्रिंग! मी खुर्चीवरून उडालीच. वा गं जयवंता!

मग नोटीस. गोपाळरावचा हट्ट, सगळं मराठीत पाहिजे. इनकमिंगले मराठीत काय म्हणावं? आलेल्या टपालाचं रजिस्टर ते आवक, गेलेल्याचं ते जावक. झालं! ठसठशीत अक्षरात लिहिलं: "दहा ते बारा आवक बंद. कोणालाही सवलत नाही." एक कागद हॉलमधी लावला, एक फाटकावर, कारण फाटकावरही फोन होता.

साडेदहाले फाटकावरून चौकीदार धोंडबाचा फोन आला. "बाई, साहेबाले लावून राहिलो, कोणी उचलत नाही. आवक खरंच बंद हाय का?"

"एकदम बंद, धोंडबाभाऊ!"

"लोकं लय बोंबलून राहिले."

"बोंबलू द्या! कोणाचंच ऐकू नका."

"मोठा माणूस आला तरी?"

"अध्यक्ष आले तरी!"

बाहेर हॉर्न वाजून राहिले होते, पण सीझनमधी हॉर्न वाजतेच.

सव्वाअकराले बाहेरच्या लाइनवर जाडा आवाज. "मी वामनराव. गोपाळरावले द्या."

साक्षात अध्यक्ष! तरी म्हटलं, "साहेब, बारापर्यंत कोणालेच जोडता येत नाही."

"काहून?"

"हुकूम हाय."

"अवं, हुकूम देणारा मी हाय!"

"असाल. तरी नाही जोडत."

"बाई, मी समोरच्या पेट्रोल पंपावरून बोलून राहिलो! माझी जीप फाटकाबाहेर, मागं संत्र्याचे अठरा ट्रक. धोंडबा म्हणते, आवक बंद, जयवंताबाईनं सांगितलं!"

आवक! बाजारात आवक म्हणजे मालाची आवक, हे शेंबड्या पोराले समजते, मलेच नाही सुचलं! मी कानावरचा हेडफोन फेकला आन् अनवाणीच धावली. "अगा धोंडबाभाऊ, उघडा! संत्र्याची नाही, फोनची आवक!"

"मंग फोनची लिहा ना वं बाई!" धोंडबा फाटक ओढता ओढता ओरडला.

बाराले मी मीटिंगमधी उभी. माझ्यासाठी भांडणारे गोपाळराव टेबलाकडं पाहत बसले. मग माझंच डोकं सटकलं. "नोटीस माझी, चूक माझी," मी म्हटलं. "पण टेबलावर एकतरी फोन वाजला काय? सांगा!"

"माझं नाव सांगितलं का या ऑफिसात कोणीही कायदा मोडते," वामनराव म्हणाले. "हिच्यावर तं मी स्वतः ओरडलो, तरी हिनं फोन जोडला नाही. हिले पक्की करा."

मी तिथंच, सगळ्यांसमोर, ढसाढसा रडली. पदरानं डोळे पुसले आन् म्हटलं, "साहेब, ऑर्डर आताच लिहून आणू?"

"नको वं माय!" वामनरावनं दोन्ही हात जोडले. "तो कागद गोपाळरावले लिहू दे."