रामाकोन्याची हजेरी

“ऐकायचं तेवढं. बटन नाही दाबायचं. लायसन माझ्या नावाचं आहे, तुझ्या नावाचं थोडी आहे!”

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ह्यांचा रेडिओ पुसायला घेतला तेव्हा हे शब्द जसेच्या तसे कानात होते. अकरा वर्षांपूर्वी, सेट घरात आला त्या दिवशी, ह्यांनी माइकवरचा माझा हात अलगद उचलून बाजूला ठेवला होता आणि असं म्हटलं होतं. रागावून नाही. हे रागावत नसत. पण नियमाची गोष्ट आली की लाल म्हणजे लाल. जन्मभर पांढुर्ण्याच्या स्टेशनवर सिग्नलचं काम केलं, दुसरं काय होणार!

परीक्षा देऊन, सरकारचा परवाना काढून घरातून रेडिओवर बोलणारी माणसं असतात, त्यांना हॅम म्हणतात, हे मला लग्नानंतर कळलं. तेव्हा ह्यांचा सेट पत्र्याच्या डब्यात स्वतःच जोडलेला होता. हे बोलायला लागले की शेजारच्या टीव्हीवर मुंग्या यायच्या आणि सुचिताताई भिंतीवर लाटणं आपटायच्या. रिटायर झाले आणि मग हा जपानी सेट आला. काळा, जड, पुढे रंगीत पडदा. पडद्यावर निळं पाणी वरून खाली वाहतंय असं वाटे, आणि कुणी बोलत असेल तिथे त्या पाण्यात पिवळी रेघ उठे. मधलं मोठं गोल बटण ह्यांनी पहिल्या दिवशी मला फिरवायला लावलं. “पाहा, लोण्यातून बोट गेल्यासारखं.” हात धुतल्याशिवाय हे सेटला शिवत नसत. मी ब्लाउजपीसचं झाकण शिवून दिलं होतं, दसऱ्याला हळदीकुंकू वाहायची. कुंकू बटणाच्या फटीत गेलं तर बटण बिघडतं, म्हणून मी वरच्या टपावर लावायची.

जागा देवघराला लागूनच. प्लग तिथेच होता. सकाळी सात वाजता ह्यांचं ‘नेट’ सुरू व्हायचं. म्हणजे सगळ्या हॅम लोकांची सभा. जबलपूरचे रघुनाथराव एकेकाची हजेरी घेत, कुणाकडे थंडी किती, कुणाचा गुडघा कसा, असं चाले. इकडे मी पाटावर माळ ओढत असे, तिकडे हे खुर्चीवर.

“दोघंही एकच करून राहिलो आपण,” हे म्हणायचे. “दिसत नाही त्याला हाका मारून राहिलो. फक्त माझ्यावाला जवाब देते.”

“माझाही देतो,” मी म्हणायची. “तुम्हाला ऐकू येत नाही.”

एकदा गच्चीवरच्या त्यांच्या तारेवर मी नऊवारी वाळत घातली होती. खाली येऊन म्हणाले, “अवं, आज तुझ्या लुगड्यातून गाळून चालला माझा आवाज!”

या नेटात एक माणूस असा होता, ज्याची हजेरी ह्यांच्याशिवाय लागत नसे. रामाकोन्याचे सुखदेवभाऊ. सौंसरला त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. साखरेनं डोळे गेले, मग दुकान गेलं. परवाना मात्र होता, आणि बोटांना सगळं पाठ होतं. चाचपून चाचपून त्यांनी एक लहानसा सेट जोडला. पाच वॅटचा. त्याचा आवाज पांढुर्ण्यापर्यंत यायचा, जबलपूरपर्यंत जात नसे. म्हणून रोज ते ह्यांना सांगत, आणि हे आपल्या शंभर वॅटवरून पुढे सांगत. “रामाकोन्याहून सुखदेव हजर आहेत. म्हणतात, औंदा संत्र्याचा आंबिया बहार चांगला धरला.” रघुनाथराव म्हणत, “लिहून घेतलं.” अकरा वर्षं. तापातसुद्धा हे उठून बसत. ते माझ्या जपासारखंच झालं होतं.

“नंबर घ्या ना त्यांचा,” मी एकदा म्हटलं.

“त्याच्यापाशी फोन कुठं आहे? पुतण्यापाशी आहे, तो दिवसभर वावरात. अन् फोनवर बोललो तर रेडिओवर काय बोलू?”

यंदा ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. नागपूरला जायच्या दिवशी नेटवर फक्त एवढंच म्हणाले, “चार दिवस बाहेरगावी जाऊन राहिलो.” कुणाला दुखण्याचं सांगितलं नाही. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी दुपारी माझं मनगट धरलं. मला वाटलं, काही माझ्यासाठी, काही आमच्या मुलासाठी, ऋषिकेशसाठी सांगतील.

“सुखदेवची हजेरी चुकू नको देऊ.”

“नाही चुकू देणार,” मी म्हणाले. गुंगीत आहेत असं वाटलं, आजाऱ्याला हो म्हणतो तसं म्हटलं. तिसऱ्या दिवशी गेले. शेवटचा शब्द माझ्यासाठी नव्हता, याचं काहीच वाटलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण शब्द दिला होता. रोजचे नेम पाळणाऱ्या बाईला दिलेला शब्द सोडवत नाही.

आणि तरी तो मी तेरा दिवस मोडला. घरात सूतक होतं. देवाला शिवायचं नव्हतं, तशी मी रेडिओलाही शिवले नाही. ज्याला हळदीकुंकू वाहतो त्याला सुतकात हात कसा लावायचा? देवाचा दिवा सुचिताताई येऊन लावून जात. त्या म्हणाल्यासुद्धा, “अवं अनुराधा, रेडिओचं बी सूतक पाळून राहिली का तू?” देवाला दुसऱ्या गोत्राचं माणूस मिळालं. रेडिओला कोण मिळणार होतं?

तर त्या सकाळी घरभर गोमूत्र शिंपडलं, देव धुऊन पुसून मांडले, आणि मग सेटवरचं झाकण काढलं. साडेआठ वाजून गेले होते, नेट संपलं होतं. सुरू करायचं बटण मला माहीत होतं. मला फक्त ती खरखर ऐकायची होती, रोज सकाळी घरात असायची ती. निळं पाणी वाहू लागलं. पडद्यावर धूळ बसली होती. मी ओलं फडकं फिरवलं.

खालच्या कोपऱ्यात कुठेतरी बोट टेकलं असेल. लाल दिवा लागला.

“सीक्यू, सीक्यू, सीक्यू. माइक किलो गोल्फ, पांढुर्ण्याहून. कोणी असेल तर या. मी ऐकून राहिलो.”

ह्यांचा आवाज, ह्यांच्या परवान्याची अक्षरं. शेवटी थोडं खाकरणं, तेही त्यांचंच.

मी दाराकडे पाहिलं. खरंच पाहिलं. चप्पल काढून आत येतील म्हणून.

सीक्यू म्हणजे ‘कुणी आहे का’; तीच हाक पुन्हा पुन्हा मारून घसा दुखतो म्हणून या सेटमध्ये आपली हाक भरून ठेवता येते आणि एका बटणाने ती हवेत जाते, हे मला ऋषिकेशने नंतर सांगितलं. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. लाल दिवा विझला, हिरवा लागला, आणि खरखरीतून एक बारीक आवाज आला. तो मी हजारात ओळखला असता.

“साहेब! आले का मोरेश्वर साहेब! अवं बापा, पंधरा दिस झाले, म्या मोजून ठेवले ना. चार दिवस म्हनले होते तुमी. कसे हा? ओव्हर.”

मग ते थांबले. मी उभी होते. फडक्यातून पाणी पायावर ठिबकत होतं.

“साहेब, तुमचा आवाज तं येक नंबर आला. माहा जाऊन नाई राहिला का? ओव्हर.”

पुन्हा थांबले. मी माइक हातात घेतला. अंगठा बटणावर होता. दोनच शब्द सांगायचे होते. पण ज्या परवान्यावर जन्मभरात एक डाग नव्हता, त्या परवान्याच्या नावाखाली पहिली चूक मी करायची? आणि ते दोन शब्द असे वाऱ्यावर सोडायचे, समोर एकटा बसलेला माणूस, पाठीवर ठेवायला कुणाचा हात नाही? माझा अंगठा दाबलाच गेला नाही.

“रुसले का साहेब?” सुखदेवभाऊंचा आवाज खाली आला होता. “मले समजलं होतं मनात. रोज उठून माही हजेरी सांगा, माहा बहार सांगा. अकरा वर्सं म्हनजे काई कमी नाई. मानूस थकतेच. म्या म्हनलो, साहेबानं गाव नाई बदललं, टायम बदलला असन, मले टाळाले. नका सांगू हजेरी. काई बिघडत नाई. पन येकडाव बोला ना माह्याशी. ओव्हर.”

खरखर. एवढी लांब खरखर मी कधी ऐकली नव्हती.

“बरं. उद्या सातले म्या हायच.”

मी सेट बंद केला आणि पाटावर जाऊन बसले. माळ हातात घेतली. किती वेळ नुसतीच बसले कुणास ठाऊक, एक मणी पुढे सरकला नाही.

दुपारी ऋषिकेश म्हणाला, “आई, नागपूरचे एक हॅम आहेत, आत्ताच फोन केला त्यांना, ते रविवारी येऊन राहिले सेट पाहायला. बाबांचा सेट म्हटल्यावर एका पायावर तयार झाले.”

“त्यांना नाही म्हण.”

“ठेवून काय करशील? तुला लायसन नाही. तुझ्याकडे नुसता ठेवणंही बरोबर नाही.”

“ठेवत नाही. सुखदेवभाऊंना देते.”

“रामाकोन्याच्या?” तो खुर्चीत पुढे सरकला. “आई, त्यांना दिसत नाही. एवढ्या मोठ्या पडद्याचं ते काय करतील?”

“पडद्याचं काही नाही करायचं. शंभर वॅटचं करायचं आहे.”

माझ्या तोंडून वॅट हा शब्द त्याने कधी ऐकला नसेल.

“त्यांचा आवाज त्यांच्या घरून सरळ जबलपूरला पोचला पाहिजे,” मी म्हणाले. “मध्ये कुणी लागायला नको. मध्ये जे होते ते नाहीत आता.”

मग सकाळचं सगळं त्याला सांगितलं. ऐकून तो उठला, खिडकीशी गेला. तिथूनच म्हणाला, “म्हणजे बाबांचा आवाज आहे त्यात.”

“तो काढून टाक. दुसऱ्याच्या घरून ह्यांच्या नावाची हाक गेली तर ह्यांना चाललं नसतं. आणि ऐकणारा जवाब देतो रे. आज दिला ना त्यांनी.”

“आधी मोबाईलमध्ये घेऊ?”

“घे. तुझ्याजवळ ठेव. मला नको देऊ. मी ऐकतच बसेन, माझे सगळे नेम राहतील.”

तारेकडे हाक जाऊ नये म्हणून त्याने आधी मागची केबल काढली. मग देवघराचं दार लोटून घेतलं. मी स्वयंपाकघरात वरणाला फोडणी दिली. फोडणीच्या आवाजातही दारापलीकडून ह्यांचं ऐकू येत होतं. मी ऐकून राहिलो. थोड्या वेळाने परत, मी ऐकून राहिलो. तिसऱ्यांदाही आलं. एवढ्या वेळा लागतात का मोबाईलमध्ये घ्यायला, असं मी विचारलं नाही. मग काही आलं नाही. वरण खाली लागलं तेव्हा माझ्या लक्षात आलं.

तो बाहेर आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं. “झालं,” म्हणाला.

जेवताना म्हणाला, “उद्या गाडीनं नेतो तुला. मग तिकडूनच मी पुण्याला निघतो.”

“नको. मी बसनं जाते.”

“अवं आई, बारा-तेरा किलोचं ओझं होते, पॉवर सप्लाय वेगळा!”

“तू आलास तर तू बोलशील, आणि मी बाजूला बसेन. मला सांगू दे.”

त्याने सेट गोधडीत गुंडाळला, पॉवर सप्लाय आणि माइक पिशवीत घातला, गच्चीवरची तार उतरवून तिचं वेटोळं केलं. कुठली केबल कुठे लागते ते सांगायला लागला, मग स्वतःच थांबला. “त्यांना हातानं कळंल,” म्हणाला.

पहाटे उठून मी आंघोळ केली, दिवा लावला, माळ पूर्ण केली. ऋषिकेशने स्टँडवर आणून सौंसरच्या बसमध्ये बसवलं, पाया पडला, आणि बस सुटेपर्यंत थांबू नको म्हटलं तेव्हा गेला. शनिवार होता. जामसांवलीच्या मारुतीला जाणाऱ्या बायका नारळाच्या पिशव्या घेऊन चढत होत्या.

“मावशी, ते गठुडं वर टाका ना,” कंडक्टर म्हणाला. “जामसांवली का?”

“नाही. मला पुढं रामाकोन्याला जायचं आहे, सौंसरला बदलेन. आणि हे वर नाही टाकायचं, मांडीवर घेते.”

“पाय अखडतीन.”

“अखडू दे.”

समोरच्या हॉटेलातल्या घड्याळात सातला दोन कमी होते. ड्रायव्हर चहा संपवत होता. आता तिकडे सुखदेवभाऊ खुर्ची ओढून बसले असतील. आजची त्यांची हजेरीही लागणार नव्हती. एवढ्या एका दिवसाची मी मनातल्या मनात क्षमा मागितली.

मग त्यांच्या दारात उभं राहून काय बोलायचं ते जुळवू लागले. “मी आले” म्हटलं तर ते विचारणार, कोण? आवाजाने माणूस ओळखणारा तो गृहस्थ. त्यांचा खोकला, त्यांची उसासा टाकून ओव्हर म्हणायची रीत, सगळं मला पाठ होतं. माझा आवाज त्यांनी अकरा वर्षांत एकदाही ऐकला नव्हता.

ड्रायव्हर चढला. मी गोधडी दोन्ही हातांनी पोटाशी धरली. बस हलली.