धुराड्यातला हुंकार

दिवेलागणीला आकाराम सुभेदारांच्या अंगणात गाव लोटलं होतं. वारा सुटला की नव्या धुराड्यातून "हूं... हूं..." असा आवाज यायचा आणि बायका पदर तोंडाशी धरून मागं सरायच्या.

"धोंडुबाईच रडतीया," त्या कुजबुजत. धोंडुबाई म्हणजे सुभेदारांची बायको, गेल्या पावसाळ्यात वारलेली.

लेक लीला बाळंतपणाला माहेरी आली होती, तिला मुलगा झाला होता. पलटणीत असताना सुभेदारांनी साहेबांच्या बंगल्यात भिंतीतली शेगडी पाहिली होती. लेकीला शेक मिळावा म्हणून तशीच बांधून घेतली, वर धुराडं काढलं, आणि वारा लागू नये म्हणून खोलीच्या फटींत चिंध्या कोंबल्या. पण निखारे पेटले की लीलाचं डोकं ठणके. "आई दारात उभी हाय," असं बरळत ती बेशुद्ध पडे. आज तर बाळही निपचित पडलं. चीनच्या लढाईत गोळ्यांना न भ्यालेले सुभेदार स्वतःच्याच घराच्या उंबऱ्याशी थबकले होते.

नाथाजी देवऋषी मात्र रंगात आला होता. "दारं उघडा! बाईला वाट द्या!" असं गरजत त्यानं मंतरलेलं पाणी निखाऱ्यांवर ओतलं. जरा वेळानं लीलानं डोळे उघडले, बाळ रडलं. लोकांनी हात जोडले. हा चमत्कार रोजचाच होता, आणि रोज एक कोंबडा नाथाजीच्या पिशवीतून जाई. धोंडुबाईचा आत्मा भलताच खवय्या असावा.

"ती नातवाला न्यायला आलीया, सुभेदार. उद्या दारं लावून मिरच्यांची धुरी देतो. कोंडल्याबिगर जायची न्हाई ती."

"दारं लावलीत तर ही दोघंही उठायची नाहीत," मागून आवाज आला. सुभेदारांनी गुपचूप बोलावलेल्या औंधच्या डॉक्टरीणबाई गर्दीतून पुढं आल्या. नाथाजीच्या ताटातली उदबत्ती उचलून त्यांनी शेगडीच्या तोंडाशी धरली. धूर वर जाईना. वळून खोलीत आला.

"धुराड्यावर काय आहे?"

सुभेदारांनी मान खाली घातली. "मडकं हाय, बाई. गावातलं पहिलंच धुराडं. नजर लागंल म्हणाले लोक. मीच काळं मडकं पालथं घातलं."

शिडी लागली, मडकं खाली आलं. उदबत्तीचा धूर सरळ वर गेला.

"निखाऱ्याला धूर नसतो, पण विषारी वायू असतो," बाई म्हणाल्या. "तो आतच कोंडत होता. त्यानंच डोकं दुखतं, भास होतात, माणूस मरतंसुद्धा. यांनी दारं उघडून विस्तव विझवला, म्हणून ही शुद्धीवर आली. त्याला मंत्र कशाला?"

"आन् रडनं?" एका म्हातारीनं विचारलं.

बाईंनी मडक्याच्या काठावर फुंकर घातली. "हूं!" बायका किंचाळल्या, आणि मग त्याच हसू लागल्या.

"नाथाजी, कोंबडं ठिवून जा गड्या!" कुणीतरी ओरडलं.

सुभेदारांना मात्र हसू येईना. तो आवाज धोंडुबाईचा असावा, असं त्यांना मनातून वाटत होतं. आज ती पुन्हा गेली. त्यांनी नातवाला उचललं.

"आवं, तिनं लेकीवर जीव टाकला हुता," ते म्हणाले. "ती पोर मारायला यील, ह्ये मी खरं मानलंच कसं? आवाज आला तर हात जोडू नगा रं. शिडी लावा, वर चढून बघा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी धुराडं आढ्याच्या वर उंच केलं आणि खिडकीच्या फटीतली चिंधी ओढून काढली. मडक्यात लीलानं तुळस लावली.